सोसणारी घरं

खट्.

अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच आवाज. पण घर इतकं निपचित पडलं होतं की तेजलचे डोळे खाडकन उघडले.

खिडक्यांना जाड पडदे होते, पडद्यांवर ओल्या चादरी. बाजेवर तिच्या कुशीत पाच आठवड्यांचं बाळ, खाली चटईवर सहा वर्षांची जुई, आणि दाराशी तोंडावर पदर ओढून आडवी झालेली तेजलची आई. बाहेर नवतपा सुरू होता. रोहिणी नक्षत्र लागल्यावरचे ते नऊ दिवस, ज्यांत चंद्रपूरचा कावळासुद्धा सावली सोडत नाही. पूर्वी या गावचं ऊन कोरडं असायचं. चटका द्यायचं, पण घामही वाळवायचं. अलीकडे त्यात दमटपणा शिरला होता. आता ते ओल्या घोंगडीसारखं अंगाला चिकटून बसायचं.

आवाज कशाचा, हे तेजलला डोळे उघडायच्या आधीच कळलं होतं. भिंतीतला व्हॉल्व्ह बंद झाला होता. तिचा धंदाच तो. बाळंतपणाची रजा लागेपर्यंत ती पाठीला हत्यारांची पिशवी लावून घरोघर फिरायची आणि थर्मोस्टॅट जोडून द्यायची. वसाहतीच्या मागे गार पाण्याचा मोठा प्लँट होता. तिथून पाइप निघत, एकेका जिन्यावर चढत आणि प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीत शिरत. पाइपातून गार पाणी फिरायचं, पंखा त्यावरून हवा ओढायचा आणि खोली निवायची. किती पाणी सोडायचं ते भिंतीवरची बशीएवढी चकती ठरवायची. तोच थर्मोस्टॅट. ती चकती घराच्या ‘सोबती’ला जोडलेली. दिवे, दारं, टाकी, गीझर, सगळं घर सांभाळणारी आणि वर गोड बोलणारी ही प्रणाली आता घरोघर होती. आणि गावातले सगळे सोबती भारनियमन केंद्राला जोडलेले. या वसाहतीतल्या घरांची ही जोडणी तेजलनंच केली होती. दर घरी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता ती एकच वाक्य बोलायची, “तुम्हाला काही करायचं नाही. ते बघून बघून शिकतं.”

“लाइट गेली काय वं?” आईनं पदराआडून विचारलं.

“लाइट आहे, आई. गार पाणी तोडलं.”

“सगळ्यांचंच?”

तेजलनं कान दिला. वरच्या मजल्यावर दुरुगकरांच्या पंख्याची घरघर चालू होती.

“आपलंच,” ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात, बाळ उठू नये असं, “सोबती, व्हॉल्व्ह का बंद केलास?”

“नमस्कार, तेजलताई. प्लँटवर आज फार ताण आहे. तुमच्या घराला छत्तीस अंशांपर्यंत त्रास होत नाही. म्हणून तुमचा वाटा सध्या गरजू घरांना दिला आहे. सहकार्याबद्दल आभार.”

“त्रास होत नाही? कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच,” सोबती म्हणाला.

तेजल बाजेवर उठून बसली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या शेगडीवर गेली. शेगडी आता विझलेली होती, पण तिच्यातली राख अजून कुणी काढली नव्हती.

एप्रिलच्या अखेरीस ती बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा वरोऱ्याहून आलेल्या आईनं उंबऱ्यातूनच नाक मुरडलं होतं. “हे काय थंडगार वारं सोडून ठेवलं घरात? ओल्या बाळंतिणीचं अंग असं. वारं भरलं तर जन्माची कंबर धरते.” आणि आईनं चकती फिरवली होती. पुढे बाजेखाली शेगडी आली, ओव्या-शेपाची धुरी आली, खिडक्यांच्या फटींत चिंध्या बसल्या. तेजलला घामाच्या धारा लागत. पण शेक घेऊन अंग खरंच हलकं व्हायचं, आणि आईच्या हातची खसखशीची खीर खाऊन झोप यायची. सव्वा महिना मुलीनं आईचं ऐकायचं असतं, एवढंच तिनं तेव्हा ठरवलं होतं. तिचा नवरा नकुल वाऱ्यात कोसळलेले विजेचे टॉवर उभे करायला वर्ध्याकडे गेलेला. घरात तिसरा शहाणा कुणी नव्हता.

म्हणजे शहाणा होता. भिंतीत. तो बघून बघून शिकत होता.

थर्मोस्टॅट मुळात बिचारा अडाणी. खोली किती तापली आणि माणसाला किती हवी, एवढ्या दोन आकड्यांची तुलना करणं इतकीच त्याची अक्कल. पण सोबतीला जोडल्यावर तो तिसरी एक गोष्ट मोजायला लागला. खोली तापत गेली की माणूस कधीतरी वैतागतो, उठतो, चकती फिरवतो किंवा सोबतीवर ओरडतो. किती अंशांवर उठतो? किती वेळ कळ काढून उठतो? रोजच्या मोजण्यातून प्रत्येक घराचा एक आकडा तयार होई. त्याला केंद्राच्या भाषेत सहनबिंदू म्हणत. ही कल्पना ज्यांना सुचली ती माणसं वाईट नव्हती. अर्ज नकोत, वशिला नको. ज्याला त्रास होतो त्याचं बोटच सांगेल, असा त्यांचा साधा विचार. आणि पाणी कमी पडलं, की केंद्र ते असं वाटायचं की गावात कमीत कमी बोटं चकतीकडे जावीत. कमीत कमी कुरकुर म्हणजे उत्तम वाटप. तेजलनं प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याचा उलटा अर्थ तिच्या डोक्यात आज शिरला. ज्याचं बोट उठत नाही, त्याचं पाणी आधी तुटतं.

“आई,” ती म्हणाली, “तू सव्वा महिना चकती छत्तीसवर ठेवलीस ना, ते त्याला वाटलं आपल्याला असंच आवडतं.”

“कोणाला वाटलं?”

“भिंतीला.”

आई उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते विरलं. “त्याला सांग ना मग, बाळंतीण होती म्हणून! बाळंतपण संपलं म्हणावं! एवढा बोलते ना तो टुरूटुरू, तर एवढं समजत नाही त्याले?”

“नाही समजत, आई.”

आई उठली, शेगडी उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली आणि राख काढायला लागली. त्या उन्हात, उघड्या डोक्यानं. तेजलला हाक मारून तिला आत घ्यावं लागलं.

*

दुपार कलता कलता दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या रजनीकाकू कोतपल्लीवार. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, मुलगा बंगळुरात. जुईची शाळा बंद झाल्यापासून तिची अर्धी दुपार काकूंकडे जायची. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची बाटली होती, आत केशरी पाणी.

“काय बाळंतीणबाई, जीव आहे ना जाग्यावर?”

“आहे काकू. या ना आत.”

“नाही बाप्पा. घामानं निथळून राहिली मी. लेकराला कशाला माझा वास.” त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच बाटली पुढे केली. “पळसाची फुलं वाळवून ठेवली होती फाल्गुनात. ह्यानं आंघोळ घाल छोटीला. घामोळ्या पळतात.”

“तुमचं गार चालू आहे का, काकू?” तेजलनं विचारलं.

“असते कधी, नसते कधी. माझं काय लक्ष राहते! चौतीस-पस्तीसवर ठेवून दिलं आहे ते तबकडं. एकट्या जिवासाठी कोण सारखी उठबस करते?” आणि त्या हसल्या. समोरचा एक दात पडलेला, त्यामुळे हसू लहान मुलीसारखं दिसायचं. “तूच तर सांगून गेलीस, काकू तुम्ही काही करायचं नाही. चाळीस वर्षं पोट्ट्यांना शिकवलं, पण एवढं ऐकणारा विद्यार्थी मला नाही भेटला. मीच भेटली तुला.”

“काकू, मी येऊ?” जुई मध्येच.

“ये ना माय. पण तुझी आजी माझं डोकं फोडीन, या उन्हात पोरगी बोलावली म्हणून.”

त्या कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत खाली गेल्या. तेजल बघत राहिली. जिन्यातले बाकीचे फ्लॅट बंद होते. ज्यांना जमलं ते चिखलदऱ्याला, पाहुण्यांकडे, कुठे कुठे निघून गेले होते. उरली तीन घरं. वर दुरुगकर, मध्ये ती, खाली काकू. एका जिन्याचा पाइप एकच आणि त्यात येणारं पाणीही ठरलेलं. दुरुगकर आजोबा दिवसातून दहादा सोबतीवर खेकसत, चकतीला थोबाडल्यासारखे झोडपत. त्यांचा सहनबिंदू केव्हाच तळाला गेला असणार. त्यांच्या घरचं पाणी कुणी तोडू शकत नव्हतं.

तेजलनं एवढं जाणून घेतलं आणि दार लावून घेतलं.

*

संध्याकाळपर्यंत बाळाचं अंग तापलं. दूध ओढेना. एरवी घट्ट मिटलेल्या मुठी सैल, तळवे कोरडे. आई पळसाच्या पाण्यात फडकी भिजवून पोटावर, काखेत ठेवत होती. पण टाकीतलं पाणीच चहाला ठेवल्यासारखं, आणि हवा इतकी ओली की फडक्यातला थेंब उडून जाईना. माणसाचं शरीर निवतं ते घाम वाळताना. हवाच पाण्यानं भरलेली असली, की घाम नुसता वाहतो, वाळत नाही. आणि आतली उष्णता आतच साचत जाते. धडधाकट माणूस काही तास तग धरतो. तान्ह्या बाळाला नीट घामही येत नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही. दोघंही चुकूनसुद्धा ओरडत नाहीत. नुसती झोपाळल्यासारखी होत जातात.

सगळ्यांसाठी शाळेत उघडलेल्या गारवाघरात जावं, तर तिथं गोवर पसरलेला; वर दुरुगकरांकडे न्यावं, तर आजोबा खोकत होते. तेजलनं भारनियमन केंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. आवाज दमलेला, पण वागणूक सभ्य.

“बाळाची नोंद आहे का, मॅडम, जपणुकीच्या घरांत? ज्यांचं पाणी तोडत नाहीत, त्या यादीत?”

“नाही अजून. नाव ठेवायचं होतं, सव्वा महिन्यानं. नाव लागतं ना नोंदीला.”

“हो मॅडम, नाव लागतं. आणि नवतपा लागायच्या आधी नोंदी बंद झाल्या. आता कुणालाच वर घेता येत नाही.”

“माझं बाळ दूध पीत नाहीये हो.”

“मॅडम, एक घर वर घेतलं, की दुसरं खाली जातं. मला इथं कुणाकडे कोण आहे ते दिसत नाही. नुसती घरं दिसतात.” आणि मग हलक्या आवाजात, “तुम्ही बोलत राहा ना तुमच्या सोबतीशी. जे जास्त बोलतात त्यांचं होतं.”

हे तेजलला ठाऊक होतं. तिला फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

प्रणालीत शिरून आकडा बदलणं तिच्या हातात नव्हतं. पण शिकवणं होतं. ताज्या तक्रारीला जुन्या सवयीपेक्षा जास्त वजन. एकाच घरातून वेगवेगळे आवाज आले तर आणखी वजन. लहान मुलाचा आवाज असेल तर सगळ्यात जास्त. म्हणजे भिंतीला काही गोष्टी समजत होत्या. फक्त त्या ओरडून सांगाव्या लागत होत्या.

रात्रभर ती एकटीच चकतीशी बोलत राहिली, पण एका आवाजानं व्हॉल्व्ह हलला नाही. सकाळी, उजाडताच, तिनं जुईला चकतीसमोर स्टुलावर उभं केलं.

“जुई, खेळायचं का आपण? भिंतीशी भांडायचं.”

“खोटं खोटं?”

“अगदी खरं खरं.”

जुईनं आजीकडे बघितलं, परवानगी आहे ना म्हणून. मग कमरेवर हात ठेवले. “ए सोबत्या! मला उकडतंय! माझ्या बहिणीला उकडतंय! कान फुटले का रे तुझे?”

“माफ करा, जुईताई. नोंद घेतली.”

“नोंद घेतो म्हणे! नोंद काय चाटायची?”

“अगं, हे कुठं शिकलीस?” तेजलला त्या अवस्थेतही हसू आलं.

“दुरुगकर आजोबा असंच म्हणतात. जिन्यात ऐकू येतं.”

आजीही उठली. तिनं आयुष्यात यंत्राशी भांडण केलं नव्हतं, पण माणसांशी पुष्कळ केलं होतं. “मुडद्या, तान्ह्या लेकराचे तळतळाट घेतो? भलं नाही होणार तुझं!” ती चकती फिरवायची, जुई फिरवायची, तेजल फिरवायची, पुन्हा जुई. सगळी सकाळ घरात जत्रेसारखा गलका. जुई घामानं भिजली, घसा बसला. पण स्टुलावरून उतरेना. तिला वाटत होतं, आपण जिंकणार.

आणि त्या जिंकल्या. जेवणवेळेच्या सुमारास भिंतीत व्हॉल्व्ह उघडला, पाइपात खळखळ झाली आणि पंख्यातून पहिला गार झोत आला. जुईनं उडी मारून टाळ्या पिटल्या. आजीनं भिंतीलाच हात जोडले.

तेजलनं मात्र डोळे मिटून घेतले होते. पाइप जिन्याबरोबर उभा खाली जात होता, आणि त्या पाइपातून, खालून, दुसरा एक व्हॉल्व्ह बंद झाल्याचा आवाज वर आला. इतका बारीक, की ज्यानं हजार व्हॉल्व्ह बसवले त्यालाच ऐकू यावा.

“काय झालं वं?” आईनं विचारलं.

“काही नाही.”

बाळाला छातीशी घेऊन ती पंख्याखाली बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग इवलीशी मूठ वळली. ओठ हलले, चाचपले आणि बाळानं दूध ओढलं. एकदा. परत एकदा. तेजलनं खाली वाकून तिच्या टाळूवर ओठ टेकले. मऊ, उडती टाळू. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या टाळूवर पडलं, आणि त्या क्षणी तिला जगातलं दुसरं काहीही दिसलं नाही, दिसायला नको होतं.

*

दुसऱ्या दिवशी बाळ हसल्यासारखं करायला लागलं. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, “त्या मास्तरीणबाईंना बोलाव ना वर. आपल्याकडे गार झालं आहे तर बसतील बिचाऱ्या.”

तेजलनं जुईला पाठवलं. स्वतः का गेली नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. जुई धापा टाकत परत आली.

“काकू म्हणतात, बाळंतिणीच्या घरात गर्दी नको. म्हणतात, मी बारशाला येईन, पेढे ठेव.”

“बऱ्या आहेत ना?”

“झोपल्यात. फरशीवर ओलं लुगडं टाकून. त्यांच्याकडे खूपच गरम आहे, आई. मी म्हटलं गोष्ट सांगा, तर म्हणाल्या, आता तू सांग, मी ऐकते. मी सांगितली, तर मधेच घोरायला लागल्या.”

तेजलनं बाळाला आईकडे दिलं आणि जिना उतरायला लागली. अर्ध्यावर उतरलीही. तिथून काकूंचं दार दिसत होतं. दारावर खडूनं काढलेली जुईची बदकं दिसत होती. आत जायचं, चकती फिरवायची, काकूंना ओरडायला लावायचं. दोन घरं ओरडली की काय होतं? तिला हिशोब माहीत होता. काकूंच्या भिंतीला वर्षानुवर्षांची सवय होती, तिच्या भिंतीला फक्त सव्वा महिन्याची; पण ताज्या तक्रारीपुढे सगळ्याच सवयी हरतात. पाणी खाली जाईल. मग वर पुन्हा जुईला स्टुलावर चढवायचं. मग पुन्हा खाली. दोघांनाही अर्धं अर्धं पुरलं असतं कदाचित. कदाचित नसतंही पुरलं. परवा संध्याकाळच्या त्या सैल मुठी तिला आठवल्या.

वर बाळ शिंकलं.

ती पायऱ्यांवर उभी राहिली. ऊन उतरलं की येऊ, तिनं ठरवलं. हाताला धरून काकूंना वर आणू. नाहीच ऐकलं तर आईला पाठवू, आईपुढे कुणाचं चालत नाही. संध्याकाळी नक्की. असं ठरवलं की पाय वर जायला मोकळे झाले. तिला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची जराशी भीतीही वाटली.

संध्याकाळी बाळ किती दिवसांनी गाढ झोपलं. त्या गारव्यात, बाळाच्या श्वासाला श्वास लावून, तेजलही झोपली. आईनं तिला उठवलं नाही. किती जागरणं झालीत पोरीची, म्हणून पांघरूण घातलं.

*

सकाळी जुई काकूंकडे गेली आणि तशीच वर आली. काकू दार उघडत नाहीत म्हणाली. दुरुगकर आजोबांनी खांद्यानं दार ढकललं. आतून गरम हवेचा असा लोट आला, की आजोबा दोन पावलं मागे सरले.

काकू फरशीवर, ओल्या लुगड्यावर, कुशीवर होत्या. लुगडं अजून ओलंच होतं. चेहरा शांत. पाण्याचा तांब्या हाताशी, भरलेला. तहान लागलीच नसेल.

“सोबती,” तेजल म्हणाली. “या घराला पाणी का नव्हतं?”

“नमस्कार,” काकूंच्या भिंतीतून तोच गोड आवाज आला. “या घराची कसलीही तक्रार नाही.”

मग माणसं आली, बंगळुरात फोन गेला, ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरनं उष्माघात म्हटलं. खाली पोर्चमध्ये, ॲम्ब्युलन्सच्या सावलीत, दुरुगकर आजोबा डोक्याला रुमाल बांधून उभे होते. आवाज खाली आणून बोलणं त्यांना जमतच नसे.

“फार सोसणारी बाई हो! एकदा, एकदा जरी त्या चकतीला हात लावला असता! एकदा जरी ओरडली असती!”

आजी पदरात तोंड लपवून रडत होती. ती कशासाठी रडत होती ते तेजलला कळत होतं. आपल्याकडे आलेला गारवा कुणाच्या घरचा होता, हे काल भाकरी थापताना तिला कळलं नव्हतं; आज कळलं होतं. तिनं मुलीकडे वर बघितलं नाही. पुढेही पुष्कळ दिवस, बाळाला न्हाऊ घालताना, जुईची वेणी घालताना, ती तेजलशी बोलायची ते बाळाकडे बघूनच.

ॲम्ब्युलन्स गेली. तेजल बाळाला खांद्यावर घेऊन जिना चढायला लागली. जुई तिच्या ओढणीचा शेव धरून मागे मागे. दुरुगकर आजोबांचं वाक्य ती तोंडातल्या तोंडात घोळवत होती, लहान मुलं घोळवतात तसं, अर्थ लागेपर्यंत. काकूंच्या बंद दाराशी ती थांबली. बदकांवरून बोट फिरवलं.

“आई,” ती म्हणाली. तिचा घसा अजून बसलेलाच होता. “मी काकूंच्या भिंतीशीपण भांडले असते. मला येतं की. तू मला का नाही सांगितलंस?”